अटलांटा परिसर: कृष्णवर्णीयांचा इतिहास, वर्षभरातले कार्यक्रम आणि आपला सहभाग (माहितीचा धागा)

रानजाई:

नमस्कार मंडळी,

जानेवारीचा तिसरा सोमवार तोंडावर आला आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीला मुलांना कुठे न्यावं, फेब्रुवारीत शाळेतून ब्लॅक हिस्टरी मंथचा प्रकल्प आला की काय दाखवावं, हे दरवर्षी ग्रुपवर कुणीतरी विचारतं. उत्तरं येतात आणि दोन दिवसांत वर सरकून जातात. म्हणून इथे धागा काढते आहे. माहिती एका जागी राहील, ज्याला जशी मिळेल तशी भर घालता येईल.

सुरुवात मी माझ्या काउंटीपासून करते. बहुतेक याद्या डाउनटाउनपासून सुरू होतात. त्यामुळे आपल्यापैकी कितीतरी जण राहतात त्या फोर्सिथमध्ये या विषयाचं काही नाहीच, असा समज होतो. खरं तर इथे आहे ते फार भयंकर आहे आणि ते आधी माहीत असायला हवं.

१९१२ साली फोर्सिथ काउंटीत हजाराहून अधिक कृष्णवर्णीय राहत होते. कुणी स्वतःच्या जमिनीचे मालक, कुणी कुळं, कुणी मजूर. त्यांची स्वतःची चर्चं होती. त्या सप्टेंबरमध्ये मे क्रो या गोऱ्या तरुणीवर हल्ला झाला आणि पुढे ती मरण पावली. संशयावरून पकडलेल्या रॉब एडवर्ड्सला जमावाने कमिंगच्या (काउंटीचं मुख्य गाव) तुरुंगात घुसून ठार मारलं आणि चौकात टांगलं. अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल या दोन कोवळ्या पोरांवर झटपट खटला उरकून ऑक्टोबरमध्ये हजारोंच्या गर्दीसमोर त्यांना फाशी दिली. मग रात्री-अपरात्री टोळ्या घोड्यांवरून फिरू लागल्या. घरांवर गोळीबार, चर्चना आगी, चालते व्हा नाहीतर मराल अशा धमक्या. काही आठवड्यांत जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय काउंटी सोडून गेले. कित्येकांच्या जमिनी कवडीमोलाने विकल्या गेल्या, काहींच्या तर मागे राहिलेल्यांनी तशाच बळकावल्या.

पुढची सत्तरेक वर्षं ही काउंटी जवळजवळ पूर्ण गोरी राहिली, आणि ती तशी राखली गेली. १७ जानेवारी १९८७ ला नागरी हक्क चळवळीतले नेते होझिया विल्यम्स यांच्यासोबत एक छोटा मोर्चा इथे आला, त्याच्यावर दगड-बाटल्यांचा मारा झाला. पुढच्याच शनिवारी, २४ जानेवारीला, सुमारे २०,००० माणसं कमिंगमध्ये चालली. त्यांच्या संरक्षणासाठी नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. १९८७ म्हणजे आपल्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते. इतकं ते अलीकडचं आहे.

आपण शाळेचं रेटिंग बघून इथे घर घेतलं. इथेच गणपती बसवतो, दिवाळीचा फराळ वाटतो. त्या जमिनीवर आधी कोण राहत होतं हे आपल्या मुलांना कळायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. २०२१ मध्ये कमिंगच्या डाउनटाउनमध्ये रॉब एडवर्ड्सच्या झुंडबळीची नोंद करणारा फलक लागला आहे. मुलांना घेऊन पहिल्यांदा तिथे जा, असं मी सांगेन. डाउनटाउनची म्युझियम्स नंतर.

वर्षाचे ठळक दिवस: जानेवारीतला तिसरा सोमवार (किंग यांची जयंती खरी १५ जानेवारीला), अख्खा फेब्रुवारी, मार्चच्या सुरुवातीला सेल्मा (अलाबामातलं गाव, तिथल्या मतदान हक्काच्या मोर्चाची आठवण), १९ जूनला जुनटीन्थ (गुलामगिरी संपल्याचा दिवस). कुणी काय बघितलं, कुठे कामाला हात लावला, काय आवडलं नाही, सगळं लिहा.

कोकणकडा:

फार गरजेचा धागा. ऑबर्न अव्हेन्यूबद्दल मी लिहितो, कारण अटलांटात आल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा मी तिथे नेला आहे.

किंग राष्ट्रीय उद्यानाला तिकीट नाही. पार्किंग जॉन वेस्ली डॉब्स अव्हेन्यूच्या बाजूला, तेही फुकट. मार्टाने आलात तर किंग मेमोरियल स्टेशनवरून चालत जाता येतं. ५०१ ऑबर्न अव्हेन्यू हे जन्मघर दुरुस्तीसाठी २०२३ च्या अखेरीस बंद केलं होतं, त्यामुळे आत सोडतात का ते पार्कच्या साइटवर बघूनच निघा. बाहेरून ती अख्खी गल्ली मात्र बघाच. एका बाजूला दुमजली ऐसपैस घरं, लगेच पलीकडे मजुरांची अरुंद चाळवजा घरं. कायद्याने सगळ्यांना एकाच वस्तीत कोंबलं होतं, त्यामुळे डॉक्टर आणि धुणं धुणारी बाई एकाच गल्लीत राहत.

किंग यांचं जुनं एबेनेझर चर्च साठच्या दशकात होतं तसं ठेवलं आहे. आत बाकावर बसलं की किंग यांच्या भाषणांचं ध्वनिमुद्रण ऐकू येतं. घाई करू नका, बसा. याच चर्चमध्ये ३० जून १९७४ ला त्यांची आई, अल्बर्टा किंग, ऑर्गन वाजवत असताना गोळी लागून गेली. मुलगा १९६८ मध्ये गेला हे सगळ्यांना माहीत असतं. आईचं फार थोड्यांना माहीत असतं.

समोर पाण्याच्या मधोमध मार्टिन आणि कोरेटा दोघांच्या समाधी आहेत. माहिती केंद्राजवळ गांधीजींचा पुतळा आहे. आपली मंडळी तिथे फोटो काढतात आणि परत फिरतात. माझी विनंती आहे की ऑबर्नवरून पश्चिमेला चालत जा. हायवेच्या पुलाखालून जावं लागतं. १९५६ साली एका मासिकाने या रस्त्याला जगातला सर्वांत श्रीमंत निग्रो रस्ता म्हटलं होतं. बँक, विमा कंपनी, वर्तमानपत्र, नाइटक्लब, सगळं काळ्या मालकीचं. मग हा हायवे वस्तीच्या छातीवरून नेला. आपण रोज ७५/८५ वर ट्रॅफिकमध्ये अडकतो ना, तोच हा. पूल ओलांडून पुढे गेलात की १०१ क्रमांकाला ऑबर्न अव्हेन्यू रिसर्च लायब्ररी लागते. फुल्टन काउंटीची सार्वजनिक लायब्ररी आहे, १९९४ पासून, प्रवेश सगळ्यांना खुला. पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथे बसून वाचायची. व्याख्यानं, प्रदर्शनं वर्षभर चालू असतात आणि त्यांचं कॅलेंडर ऑनलाइन असतं. माझ्या मते शहरातली ही सगळ्यांत दुर्लक्षित जागा.

टिपूर:

वाचतेय. माझी मुलं ६ आणि ११ वर्षांची. धाकट्याला हे सगळं झेपेल का? फाशी, झुंडबळी वगैरे ऐकून तो रात्री झोपणार नाही अशी भीती वाटते.

रानजाई:

टिपूर, सहा वर्षांच्या मुलाला फलक आणि डाउनटाउनमधलं नॅशनल सेंटर फॉर सिव्हिल अँड ह्यूमन राइट्स दोन्ही आत्ता नको. त्या सेंटरमध्ये लंच काउंटरचा एक अनुभव आहे, फक्त गोऱ्यांसाठीच्या खाणावळीत मुद्दाम जाऊन बसणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी काय सोसलं त्याचा. काउंटरवर तळवे टेकवून बसायचं, कानाला हेडफोन, आणि शिव्या-धमक्या थेट कानात येतात, खुर्ची लाथ बसल्यासारखी हादरते. मोठी माणसं अर्ध्यात उठतात. अकरा वर्षांच्या मुलीला मात्र आधी सांगून, सोबत बसून चालेल. (ते विस्तारासाठी मध्यंतरी बंद होतं, वेळा तपासून जा.)

धाकट्यासाठी जुनं एबेनेझर, किंग यांच्या समाधीभोवतीचं पाणी आणि लायब्ररीतला गोष्टींचा तास. शिवाय डिकेटरच्या चौकातला नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांचा पुतळा दाखवा. तिथे १९०८ पासून कॉन्फेडरेट (गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या राजवटीच्या) स्मारकाचा खांब होता, तो जून २०२० मध्ये हलवला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच जागी लुईस आले. पटेल प्लाझाला किराणा भरायला जाता तिथून अगदी जवळ आहे. एका गोष्टीच्या जागी दुसरी का आणली, हे सहा वर्षांच्या मुलालाही नीट कळतं.

शेवंती:

किंग यांच्या सुट्टीच्या आसपास आमच्या भागातल्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये आम्ही दोघं जातो. पहिल्यांदा जाताना प्रचंड संकोच होता. आपण ख्रिश्चन नाही, आपल्याला कुणी ओळखत नाही, उगाच आगंतुक वाटू का. ज्यांना असंच वाटतं त्यांच्यासाठी लिहिते.

कपडे जरा नीटनेटके. तिथे लोक रविवारी खरंच सजून येतात, आजीबाईंच्या टोप्या बघत राहाव्या अशा असतात. दारात कुणीतरी हात हातात घेऊन स्वागत करतं. नवीन आलेल्यांना कधी उभं राहायला सांगतात, नाव सांगायचं आणि बसायचं. प्रवचन चालू असताना लोक मोठ्याने दाद देतात, कीर्तनात बुवांना श्रोते साथ देतात तशी. आपण गप्प बसलो तरी कुणाला काही वाटत नाही. दानाची थाळी फिरते, इच्छा असेल तर टाका. दोन तास सहज जातात. फोटो काढू नका, ती प्रार्थना आहे.

नंतर बऱ्याचदा तळघरात जेवण असतं. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, कोलार्ड ग्रीन्स या पालेभाजीत हमखास मांस असतं, विचारून घ्या. मी चवळीची उसळ नेते. चवळी मुळात आफ्रिकेतली, त्यांच्याकडे नववर्षाला खातात, त्यामुळे भांडं रिकामं होतं आणि गप्पाही सुरू होतात. तिथल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला सांगितलं की त्यांच्या आईला मतदार नोंदणीसाठी राज्यघटनेतले उतारे वाचून दाखवायला लावले होते आणि तरीही नाकारलं. माझ्याशेजारी बसून, बश्या आवरता आवरता सांगत होत्या.

देवराई:

मला वेगळं मत मांडायचं आहे, कृपया गैरसमज नसावा. इतिहास वाचावा, मुलांना दाखवावा, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण आपण इथे परक्या देशात कामासाठी आलेले लोक. अनेकांचं ग्रीन कार्डही झालेलं नाही. या देशातल्या गोऱ्या-काळ्यांच्या भांडणात आपण का उतरावं? गुलामगिरी आपण केली नाही, तिचा फायदा आपल्याला झाला नाही. आपण आपली संस्कृती जपावी, कायदा पाळावा, मुलांना शिकवावं. मंडळाचं नाव अशा कार्यक्रमांना जोडलं जावं, हे मला पटत नाही.

शाईचा डाग:

देवराई, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. फायदा झाला नाही या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं.

१९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या पंजाबी स्थलांतरिताच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं तेव्हा अख्ख्या भारताचा कोटा होता वर्षाला १०० माणसं. वंश आणि मूळ देश बघून ठरवलेला तो कोटा गेला १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने. तो कायदा कुठल्या काँग्रेसने केला? ज्या काँग्रेसने दोन महिने आधी मतदान हक्काचा कायदा केला, तिनेच. सेल्माच्या पुलावर माणसांनी लाठ्या खाल्ल्या ७ मार्चला, मतदान हक्काच्या कायद्यावर सही झाली ६ ऑगस्टला, आपल्यासाठी दार उघडणाऱ्या कायद्यावर ३ ऑक्टोबरला. वंशावरून माणसं मोजणं चूक आहे, हे त्या चळवळीने देशाला मान्य करायला लावलं, म्हणून कोटा टिकू शकला नाही. आपला व्हिसा, आपलं घर, आपल्या मुलांचा इथला जन्म, सगळं त्याच्या मागून आलेलं आहे.

दुसरं, हे नातं मराठी माणसाला नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून, दीडशे वर्षांपूर्वी. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज जातो आहे असं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, अस्पृश्यांनाही तोच मार्ग घ्यावासा वाटतो, अशा आशयाचं. ड्यु बॉइस यांचं उत्तर ३१ जुलै १९४६ चं आहे. दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहात आहेत आणि ऑनलाइन कुणालाही बघता येतात. ड्यु बॉइस त्याआधी अनेक वर्षं इथेच, अटलांटा विद्यापीठात शिकवत होते.

आता त्या उत्तराची तारीख डोळ्यांसमोर ठेवा. त्याच्या सहाच दिवस आधी, २५ जुलैला, इथून तासाभरावर मन्रोजवळ मूर्स फोर्ड पुलाशी दोन तरुण कृष्णवर्णीय जोडप्यांना जमावाने गोळ्या घातल्या. त्यातला जॉर्ज डॉर्सी हा दुसऱ्या महायुद्धातून परतलेला सैनिक होता. कुणालाही शिक्षा झाली नाही. तिथे १९९९ पासून महामार्गाच्या कडेला फलक आहे. मी तो फलक आणि ती दोन पत्रं एकाच दिवशी वाचली. ज्यांना शक्य असेल त्यांनी असंच करावं असं सुचवेन.

वऱ्हाडी:

माझंही वर्ध्याचं लहानसं योगदान. मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष बेंजामिन मेज हे किंग यांचे गुरू. ते १९३६ च्या डिसेंबराच्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते. अहिंसा म्हणजे निष्क्रियता नाही, हे त्यांनी तिथे खोदून खोदून विचारून घेतलं. परत जाऊन १९४० ते १९६७ मोअरहाउस सांभाळलं, आणि किंग १९४४ मध्ये पंधराव्या वर्षी तिथे दाखल झाले. आमच्या गावचे लोक सेवाग्राम दाखवतात तेव्हा हे कोणी सांगत नाही. मेज यांची समाधी मोअरहाउसच्या आवारात आहे. शेजारीच क्लार्क अटलांटा विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात हेल वुडरफ यांची भित्तिचित्रं आहेत, तीही बघून घ्या. मी वर्ध्याचा म्हणून जातो तेव्हा छाती भरून येते राजेहो.

गोदाकाठ:

मला कार्यक्रमांपेक्षा आपल्या घरांबद्दल लिहायचं आहे.

घर शोधताना आपण एजंटला काय विचारतो? शाळा कशी, आणि मग आवाज खाली करून, वस्ती कशी. मुलीने कृष्णवर्णीय मित्राला घरी बोलावलं तर आपल्या ओळखीतल्या सुशिक्षित घरांत काय बोललं जातं, ते मी ऐकलेलं आहे. त्या मुलाला एक शब्दही कळला नसेल, पण आमच्या मुलांना कळला. गोऱ्यांनी आपल्याशी असं केलं की आपण लगेच तक्रार करतो, आणि करायलाच हवी. फेब्रुवारीत म्युझियममध्ये जाऊन यायचं आणि जेवणाच्या टेबलावर तीच भाषा ठेवायची, हे मुलं बरोबर टिपतात. जातीबद्दल आपण गप्प राहतो तेही टिपतात. त्यामुळे कुठल्याही कार्यक्रमाला जाण्याआधी घरात बोला. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्यासमोरही बोला.

टिपूर:

गोदाकाठ, अगदी खरं. आमच्याकडे हे बोलणं व्हायला हवं आहे.

देवराई:

शाईचा डाग, १९६५ च्या दोन कायद्यांचा हा संबंध कुणी असा मांडलेला मी ऐकला नव्हता. विचार करतो आहे. मूर्स फोर्डला जाऊन येईन. पण मंडळाने संस्था म्हणून उतरावं का, यावर माझं मत अजून तेच आहे. मंडळात सगळ्या मतांचे लोक आहेत, देणगीदार आहेत. ज्याने त्याने व्यक्ती म्हणून जावं.

कोकणकडा:

देवराई, संस्थेचं ठरवायला सर्वसाधारण सभा आहे, तिथे बोलू. पण स्टोन माउंटनला आपण सहलीला जातो तेव्हा निदान एवढं तरी सांगून जाऊ या. डोंगरावर कोरलेले तीन घोडेस्वार म्हणजे जेफर्सन डेव्हिस, रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राजवटीचे नेते. १९१५ मध्ये याच डोंगरावर क्रॉस जाळून कु क्लक्स क्लान ही गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची संघटना पुन्हा उभी केली गेली. कोरीवकाम पूर्ण झालं १९७२ मध्ये, म्हणजे किंग यांच्या हत्येनंतर चार वर्षांनी. पोरं तिथे लेझर शो बघतात आणि हे कुणी त्यांच्या कानावर घालत नाही.

मीही इथलीच:

माझं मराठी लिहिणं थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या. मी इथेच वाढले, आता कॉलेजमध्ये आहे.

२०२२ मध्ये जॉर्जियात कायदा झाला, त्यामुळे वंशाबद्दल वर्गात काय बोलायचं याबाबत शिक्षक फार जपून असतात. माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात किंग म्हणजे स्वप्नाचं भाषण, एवढंच. म्हणून शाळेबाहेरच्या जागा फार महत्त्वाच्या आहेत. एमरीच्या रोज लायब्ररीत किंग यांच्या एससीएलसी संघटनेची कागदपत्रं आहेत. आधी नोंदणी करून बाहेरच्या माणसालाही बघता येतात. मी एका खोक्यात हाताने लिहिलेल्या याद्या बघितल्या. कुणाच्या गाडीत कोण बसणार, सँडविच किती, जामिनाचे पैसे कुणाकडे. चळवळ म्हणजे हेच काम होतं, दररोज.

काका-काकूंना एक विनंती. कार्यक्रमाला गेल्यावर लगेच आपली गोष्ट सांगू नका. भारतातही असंच होतं, गांधी, किंग, सगळं खरं आहे, पण आधी त्यांचं ऐकू या. पुढच्या वेळी पुन्हा जाऊ या. एकदाच येऊन जाणारे पाहुणे त्यांनी खूप बघितले आहेत. आणि ज्यांना मत देता येतं त्यांनी स्थानिक निवडणुकीत पण द्या. शाळेचं बोर्ड तिथेच ठरतं.

भटकभवानी:

मस्त लिहिलंस ग! आता मी अलाबामाबद्दल. जमलं तर एक मुक्काम करा, एका दिवसात धावपळ होते.

वाटेत टस्कीगी. एक होता कार्व्हर वाचून मोठ्या झालेल्या प्रत्येक मराठी माणसाने इथे जायला हवं. वीणाताई गवाणकरांमुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्या घरातले झाले, पण त्यांचं गाव आपल्यापासून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर आहे हे इथे कितीजणांना माहीत असतं? विद्यापीठाच्या आवारात कार्व्हर म्युझियम आहे, राष्ट्रीय उद्यान खात्याकडे. शेंगदाणा, रताळं, माती यांवरच्या प्रयोगांची उपकरणं आहेतच, पण मी थबकले ती त्यांच्या स्वतःच्या हातच्या विणकाम-भरतकामापाशी. १८९६ मध्ये इथल्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी बोलावलं, ते आले आणि १९४३ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिले. दोघांच्या कबरी शेजारी-शेजारी आहेत. मुलांना पुस्तकातला माणूस खरा होता हे बघून काय वाटतं, ते बघाच.

आणि डॉक्टर मंडळींनी टस्कीगीची दुसरी बाजूही जाणून घ्यावी. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने इथल्या ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना तो आजार होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं नाही. अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली १९९७ मध्ये. कृष्णवर्णीय रुग्ण डॉक्टरवर चटकन विश्वास ठेवत नाही अशी तक्रार आपल्याकडचे डॉक्टर करतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

पुढे माँटगोमेरी. लेगसी म्युझियम, झुंडबळींचं स्मारक आणि नदीकाठचं शिल्प उद्यान, तिन्हीचं मिळून तिकीट ५ डॉलर. वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या संस्थेने उभारलं आहे. स्मारक २०१८ मध्ये खुलं झालं. गंजलेल्या रंगाचे ८०० हून अधिक पोलादी ठोकळे, प्रत्येक काउंटीचा एक, त्यावर मारल्या गेलेल्यांची नावं आणि तारखा. एकूण ४,४०० हून अधिक माणसं. सुरुवातीला ठोकळे आपल्या डोळ्यांसमोर उभे असतात, नाव वाचता येतं, हात लावता येतो. मग जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर लटकू लागतात. भिंतीवर कारणं लिहिली आहेत. १९४० मध्ये लव्हर्नला जेसी थॉर्नटनला मारलं, कारण त्याने गोऱ्या पोलिसाला मिस्टर न म्हणता हाक मारली. आपल्याकडच्या खेड्यात कुणी मिशी ठेवली, घोड्यावरून वरात काढली म्हणून काय होतं ते आठवून मी तिथेच बसले.

फोर्सिथचा ठोकळा शोधा. रॉब एडवर्ड्सचं नाव आहे.

सेल्मा तिथून तासाभरावर. मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारी पुलावरून चालण्याचा मोठा कार्यक्रम असतो, अफाट गर्दी, हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात. एरवी पूल रिकामा असतो, कधीही चालून या.

हडसनकाठ:

अटलांटाबाहेरच्यांसाठी दोन ओळी. न्यूयॉर्क-जर्सीवाल्यांनी हार्लेममधलं शॉमबर्ग सेंटर (कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची लायब्ररी) आणि मॅनहॅटनमधलं आफ्रिकन बरियल ग्राउंड (कृष्णवर्णीयांची जुनी दफनभूमी) बघावं. १९९१ मध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना त्या कबरी सापडल्या. वॉल स्ट्रीटला नोकरी करणाऱ्यांना जेवणाच्या सुट्टीत चालत जाता येतं.

पाइनवाटा:

नॉर्थ कॅरोलायनातून: ग्रीन्सबोरोला वूलवर्थचं दुकान म्युझियम म्हणून जपलं आहे. १ फेब्रुवारी १९६० ला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या ज्या खाण्याच्या काउंटरवर बसले तो मूळ जागीच आहे. मार्गदर्शकासोबत बघा, एकट्याने बघण्यात निम्मंच कळतं.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. देवराई, मंडळाचा विषय सभेत घेऊ. तोवर हे जाणं वैयक्तिकच.

तर ठरवू या का? फेब्रुवारीतला एखादा शनिवार, टस्कीगी आणि माँटगोमेरी, रात्री मुक्काम, रविवारी परत. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठीच, लहानांची सोय टिपूर आणि मी मिळून कमिंगला करतोय. अलाबामाची वेळ आपल्यापेक्षा एक तास मागे आहे, त्यामुळे सकाळी ७ ला निघालो तर टस्कीगी उघडायच्या सुमाराला पोहोचू. पण कार्व्हर म्युझियम आणि माँटगोमेरीच्या जागा आठवड्यातले काही दिवस बंद असतात, म्हणून भटकभवानीने वेळा नक्की केल्या की मगच हॉटेल धरू. निघायच्या आधल्या रविवारी सगळ्यांनी कमिंगचा फलक वाचून यायचा, ही माझी अट.

नावं आणि गाडीत किती जागा ते इथेच लिहा. वाटेतल्या न्याहारीचे पोहे माझ्याकडे. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी कळवा.